सिमेंटच्या कागदातली पुस्तकं

पुस्तकांनी भरलेली एक अख्खी पेटी मी एकदा सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदात गुंडाळली होती. एकेक पुस्तक वेगळं घेऊन, कडा दुमडून, कोपरे दाबून, तांदळाची खळ लावून पक्कं चिकटवलं. सगळी झाल्यावर चवड रचली, लांब उभी राहून बघितली आणि स्वतःवरच खूश झाले. एकाही कव्हरावर पुस्तकाचं नाव लिहिलेलं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. तेही अख्ख्या वाडीसमोर.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मॅट्रिक पास होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला आणखी काही कळायची गरज वाटत नाही.

हे आता आठवलं ते नातीमुळे. आषाढी पौर्णिमा झाली, वर्षावास लागला. या तीन महिन्यांत आम्ही संध्याकाळी विहारात जमतो, वंदना होते, ग्रंथाची काही पानं मोठ्याने वाचली जातात. महाडला विहार घरापासून चार पावलांवर आहे, पण माझे गुडघे त्याचे चाळीस करतात. परवा मी वाचन ऐकून परत आले तर तनू, माझी नात, पुढ्यात फोन धरून बसलेली. म्हणाली, "आजी, काय वाचू ते कळत नाही." फोनने तिला पुस्तकांची एक रांगच काढून दिली होती. अमुक तुम्हाला आवडलं, तर हेही आवडेल. मी चष्मा लावून बघितलं. सगळ्या मुखपृष्ठांवर एक मुलगी पाठमोरी उभी. कुठे समुद्राकडे बघत, कुठे रेल्वेच्या रुळांकडे. मी म्हटलं, हा तुझा फोन म्हणजे लाडावून ठेवणारी आई आहे. पोराला एकदा वरणभात आवडला, की आठवडाभर वरणभातच वाढत बसते.

तनूला राग आला. मला मात्र सिमेंटचा वास आला.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. माझं माहेर महाडचं, वडील कचेरीत कारकून. सासर पोलादपूरच्या वर. आंबेनळी घाटाकडे जाणारा रस्ता सोडायचा, उतारावरून ओढ्यापर्यंत यायचं, ओढा ओलांडायचा, की आमची वाडी. पावसाळ्यात ओढा भरला की वाडी वाडीपुरती राहायची. नवरा आणि थोरले दीर मुंबईला कामावर. घरात सासरे, त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. माझी थोरली जाऊ सुगंधावयनी. आणि ही महाडची मॅट्रिक.

वयनी चौथी शिकलेली. लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्या घरात मला जे काही आलं ते तिने शिकवलं. ओल्या लाकडाला फुंकर कुठून घालायची, बांधावरून पाय कसा टाकायचा, पोटरीला जळू लागली तर किंचाळण्याआधी मीठ कुठे ठेवलंय ते आठवायचं. लावणीच्या पहिल्या दिवशी मी चिखलात बसकण मारली, तेव्हा सगळ्याजणी हसल्या. वयनी हसली नाही. तिने मला उठवलं आणि म्हणाली, "रोपं लावायची असतात गो. सून नाय लावायची." मग ती हसली.

या सगळ्याच्या बदल्यात माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती. चुलीपाशी बसून मी तिला कादंबऱ्या सांगायची. महाडला असताना शाळेच्या पुस्तकात दडवून वाचलेल्या. त्या सगळ्या एकाच कुळातल्या होत्या. नायिका सुंदर, गरीब, आणि मध्यावर आली की तिला खोकला व्हायचा. तिला खोकला झाला, की माझ्या डोळ्यांना धार. याच्यापलीकडे पुस्तकांत काही असू शकतं असं मला वाटत नव्हतं आणि मी स्वतःला वाचणारी बाई समजत होते. वयनी गोष्ट सुरू होण्याआधीच विचारून घ्यायची, शेवट गोड हाय ना. नसला तर मी तिथल्या तिथे गोड करून टाकायची. त्या काळात मी कितीजणींचा खोकला बरा केला, त्याला हिशेब नाही.

पेटी आली ती मुंबईहून. वाडीतल्या मुंबईकरांचं एक मंडळ होतं. विहाराला काहीतरी द्यायचं म्हणून त्यांनी रद्दीच्या दुकानांतून किलोवर पुस्तकं घेतली, पत्र्याच्या ट्रंकेत भरली, आणि ट्रंक एसटीच्या टपावरून पोलादपूरला उतरली. तिथून दोघांच्या खांद्यावर. किलोवर घेतल्यामुळे ती कुणीच निवडलेली नव्हती. कादंबऱ्या होत्या, रहस्यकथा होत्या. पण सापांवरचं पुस्तक होतं, रेडिओ दुरुस्तीचं होतं, कुणाचा तरी रशियाचा प्रवास होता, थोरांची चरित्रं होती, बुद्धिबळाचं होतं, कोळ्यांवरचं होतं. जाळं विणणारे कोळी, मासे मारणारे नव्हेत. असली संगत मी पुस्तकांची कधी बघितली नव्हती. लग्नाच्या मांडवात वऱ्हाडी बसतात तशी, एकमेकांना न ओळखणारी.

आबा विहाराचे कर्तेधर्ते. त्यांनी ठरवलं, पेटी शालन सांभाळेल. शालन म्हणजे मी. वर्षावासात दर पौर्णिमेला पुस्तकं द्यायची, पुढच्या पौर्णिमेला परत घ्यायची. नमाकाकी म्हणून आमच्या चुलत सासूबाई होत्या, त्यांना ते रुचलं नाही. कालची पोर ती, कुणाला काय द्यावं हे तिला काय कळतंय, असं त्या पाणवठ्यावर म्हणाल्याचं माझ्यापर्यंत आलं. म्हणून तर मी कव्हरांचा घाट घातला. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना बुरशी येते, पुस्तकांना का सोडेल? घाटाच्या रस्त्यावर मोरीचं, म्हणजे छोट्या पुलाचं, काम चाललं होतं, तिथून रिकाम्या पिशव्या मागून आणल्या. त्यांना कागदाचे पदर असतात. बाहेरचा टाकायचा, आतले झटकायचे, शिंकायचं, आणि कापायचं. नावं सगळ्यांत शेवटी, एका बैठकीत, चांगल्या अक्षरात लिहू, असं मी ठरवलं होतं. अक्षराचा फार अभिमान होता मला. मग चवड बघत बसले, आणि दुसऱ्या दिवशी पेटी विहारात न्यायला माणसं आली.

ती आषाढी पौर्णिमेची संध्याकाळ मला अजून दिसते. विहार म्हणजे कौलांची एक खोली. भिंतीला टेकवलेली इरली, त्यांच्याखाली पाण्याचे ओहोळ. ओल्या घोंगड्यांचा वास, मेणबत्त्यांचा वास, पांढऱ्या लुगड्यांना धुराचा वास. आबांचं वाचन संपलं. ते म्हणाले, आता पेटी. मी ऐटीत झाकण उघडलं. आत तपकिरी, तपकिरी, तपकिरी. तव्यावरून उतरवून रचलेल्या नाचणीच्या भाकऱ्यांसारखी एकसारखी पुस्तकं.

नमाकाकींच्या पडवीत त्या आठवड्यात फुरसं निघालं होतं. त्यांनी सापाचं मागितलं. स्वतःला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घेणार होत्या. सगळ्यांसमोर उघडून शोधायची लाज वाटली, म्हणून मी जाडीवरून अंदाज केला आणि एक पुस्तक दिलं. त्यांनी ते आबांकडे दिलं, बघा म्हणाल्या, फुरशाचं औषध कुठल्या पानावर हाय. आबांनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं. चांदण्यात कुणीतरी तरुणी कुणाची तरी वाट बघत होती.

हशा सुरू झाला. नमाकाकी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला वाचता येत होतं. कुठल्याही एकोणीस वर्षांच्या शहाण्या मुलीने म्हटलं असतं, चुकले, उद्या नावं घालून देते. मी म्हटलं, "महाडला आता हीच पद्धत आहे. पुस्तक निवडायचंच नाही. हाताला येईल ते न्यायचं. नाहीतर माणूस जन्मभर एकाच तऱ्हेचं वाचत राहतो."

यातलं शेवटचं वाक्य माझ्या तोंडून आलं कसं, मला आजही सांगता येत नाही. थाप मारताना माणूस कधीकधी खरं बोलून जातो. त्या वाक्याप्रमाणे वागायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

आबांनी मान डोलावली. ते चांदण्यातलं पुस्तक त्यांच्या हातात होतं, ते त्यांच्याकडेच राहिलं, कारण पद्धत ती पद्धत. नमाकाकींच्या हाताला रेडिओ दुरुस्ती आली. वाडीत रेडिओ एकच, तोही आमच्याकडे. माणसं डोळे मिटून पेटीत हात घालू लागली, जत्रेतल्या सोडतीसारखी मजा आली, आणि मी वाचले असं मला वाटलं.

वयनीची पाळी आली. दुपारीच ती मला सांगून गेली होती, की माझ्यासाठी एक बघून ठेव, शेवट गोड असलेलं. तिने हात घातला, एक बारीकसं पुस्तक काढलं आणि कंदिलाजवळ धरलं. कंदिलाशी नमाकाकी बसल्या होत्या, त्यांनीच ते उघडलं. चित्र बघायला अक्षर लागत नाही. पहिल्याच पानावर एक बाई पाय लांब करून बसली होती आणि पायांवर पालथं घातलेलं बाळ न्हाणत होती. पुस्तक तान्ह्या मुलांच्या निगेचं होतं.

नमाकाकी हळू आवाजात म्हणाल्या, "आता हे हिला कशाला?" त्या कुत्सितपणे म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

वयनीने माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, वयनी, ते ठेव, दुसरं घे. पण तिला दुसरं दिलं असतं, तर सगळ्यांनीच दुसरं मागितलं असतं; पद्धत कोसळली असती, आणि माझी ऐटही. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा."

तिने पुस्तक पदराखाली घेतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

एका चुलीवर दोन जावा बोलेनाशा झाल्या, की घर केवढं मोठं होतं. पूर्वी चुलीपाशी जागा पुरत नव्हती. आता दोघींच्या मध्ये अख्खा ओढा मावला असता. मीठ दे. लाकडं भिजली. म्हशीला घातलं का. एवढंच. भांडण झालं असतं तर मला जमलं असतं, मी भांडकुदळ होते. पण ती भांडत नव्हती. माझी वेणी घालायची तिची सवय होती, ती बंद झाली. मी स्वतः घातलेल्या वेणीने आरशात बघायची, तर ती एका बाजूला ओढलेली. कादंबरी सांगू का असं एकदा विचारून बघितलं. नको, म्हणाली, डोळे झोंबतात धुराने. गोष्ट डोळ्यांनी ऐकायची नसते हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या महिन्यात घराघरांत भलती पुस्तकं भलत्या माणसांना वाचत होती. आबा नेहमी वर्तमानपत्र वाचायचे, तेही अग्रलेखापासून. आता ते पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि त्यांची पाठ मात्र आम्हांला दिसायची. त्या पाठीवरूनही कळायचं, की चांदण्यातल्या पोरीचं काही खरं नाही. एकदा त्यांनी चहा थंड करून टाकला. नमाकाकी रोज दुपारी येऊन मला शिक्षा द्यायच्या. पद्धत तुजी, आता वाच, असं म्हणून रेडिओ दुरुस्ती पुढ्यात टाकायच्या. मी वाचायची, मला ओ की ठो कळत नव्हतं. त्या मात्र भाकरी थापावी तसं बोटांनी जमिनीवर काहीतरी मांडत ऐकायच्या. कुठली तार कुठे जाते, यात त्यांना सोयरिकीसारखा रस होता. ही हिला जोडली तर मग ती का रुसली, असं विचारायच्या. महिना संपता संपता त्यांना रेडिओच्या आतलं सगळं गणगोत पाठ झालं होतं. फुरशाचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आणि माझ्या वाट्याला आले होते कोळी. कादंबरी नाही म्हणून मी दोन दिवस त्या पुस्तकाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी पावसाने कोंडलं आणि नाइलाजाने उघडलं. त्यात कुणी कुणावर प्रेम करत नव्हतं. लिहिणारा माणूस एका कोळ्याने जाळं कसं विणलं ते सांगत होता. आधी एक धागा वाऱ्यावर सोडतो आणि तो कुठे अडकेल याची वाट बघतो, असं. मी मान वर केली. पडवीच्या वाशाला, भिजलेल्या इरल्याच्या वर, तेच चाललेलं. वर्षभर मी ती जाळी केरसुणीने ओढत आले होते. त्या दिवशी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. खरं सांगायचं तर कुठल्याच नायिकेच्या खोकल्याने मला इतकं गप्प केलं नव्हतं. गोष्टीत काय होणार ते मला आधीच माहीत असायचं, म्हणून तर रडू यायचं. इथे काय होणार ते कोळ्यालाही माहीत नव्हतं.

आणि हे ज्या एका माणसाला धावत जाऊन सांगावं, ते माणूस माझ्याशी बोलत नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेला सगळी पुस्तकं परत आली. वयनीचं आलं नाही. तिने फाडलं असेल, चुलीत घातलं असेल, असं मला वाटायला लागलं. मागायचं तोंड नव्हतं. भाद्रपदात ती नाचणीच्या बेणणीला, तण काढायला, गेली असताना मी शोधायला लागले. फडताळात, उतरंडीमागे, कपड्यांच्या बोचक्यात. शेवटी तांदळाच्या कणगीमागे हाताला लागलं. धुराने कव्हर काळवंडलं होतं. आत खूण म्हणून भाताची एक लोंबी घातलेली, पुस्तकात बरीच पुढे. एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं.

ती ते वाचत होती. चौथीचं वाचन, ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द. का वाचत होती, हे मला कळेना. माझ्या सगळ्या कादंबऱ्या मला हेच सांगत होत्या, की वांझ बाईने असलं पुस्तक वाचणं म्हणजे झुरणं. मी ते होतं तिथे ठेवलं, लोंबी होती तिथे ठेवली, आणि दुपारभर माझं कशात लक्ष लागलं नाही. आपण तिला रोज थोडं थोडं मारतोय, असं वाटत राहिलं. नंतरच्या पौर्णिमेलाही पुस्तक आलं नाही.

आश्विन आला. ओढा ढोपराखाली उतरला, भाताला पिवळी झाक चढली, घोंगड्या उन्हात पडल्या. वर्षावास संपायची पौर्णिमा. वाचन झालं, माणसं पेटीत पुस्तकं टाकू लागली. वयनी उठली आणि तिने पदराखालून ते पुस्तक काढून पेटीत ठेवलं. नमाकाकींच्या तोंडात काहीतरी आलं होतं. वयनीला बरं नाहीतर वाईट, पण काहीतरी. त्या बोलायच्या आत मीच बोलले. म्हटलं, महाडला अशी काही पद्धत नाही. मला नावं लिहायची राहून गेली होती आणि कबूल करायची लाज वाटली. वयनीला ते पुस्तक पद्धतीने नाही, माझ्या फुशारकीने दिलं.

आबांनी खाकरून घसा मोकळा केला. "म्हंजे म्हाडाला अशी पद्धतच नाय?"

"नाही."

त्यांनी पेटीत डोकावून बघितलं. "मग त्या चांदन्यातल्या पोरीचा दुसरा भाग पेटीत हाय का नाय, ते तरी ठावं हाय का तुला?"

तेही मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मात्र हशाने कौलं हलली. नमाकाकी म्हणाल्या, पेटी हिच्याकडे नको, सुगंधाकडे द्या, ती निदान थापा मारत नाय. तसंच ठरलं. माझी मॅट्रिक तिथल्या तिथे चौथीच्या हाताखाली गेली.

तनूला मी हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, मग नेमकं काय करायचं आजी? निवडून वाचायचं की न निवडता? आजकालच्या मुलांना उत्तर फोनवर आल्यासारखं लगेच लागतं. मी काय सांगणार? हाताला आलेल्या पुस्तकाने मला कोळी दाखवले, हे खरं. पण हाताला येईल ते घ्या, असं दुसऱ्याला सांगायचा हक्क मला नव्हता, हेही खरं. आपल्याला काय हवंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि दुसऱ्याला काय टोचेल ते तर त्याहून नसतं. तरी या वाढदिवसाला मी तिला एक पुस्तक देणार आहे. खाकी कव्हर घालून, नाव न लिहिता. मात्र ते आवडलं नाही तर बदलून मिळेल, एवढं कव्हरावर लिहीन. तेवढी सुधारणा माझ्यात झाली आहे.

पण वयनीने मला जे सांगितलं, ते मी तनूला सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते.

विहारातून आम्ही दोघीच बांधावरून परत निघालो. पेटीची एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. दोन्ही बाजूंना भात, वर चंद्र चढत होता, पावलांचा तेवढा आवाज. अर्ध्या वाटेवर मी पेटी खाली टेकवली. म्हटलं, वयनी, तुला ते पुस्तक इतकं लागलं होतं, तर पहिल्याच पौर्णिमेला परत का नाही केलंस? का वाचत बसलीस?

तिने आधी मागे येऊन माझी वेणी सोडली. मग चालू पडायच्या आधी, बांधावर उभ्याउभ्याच, ती घट्ट घालता घालता बोलली:

"लागलं. नाय कसं लागंल? पन तुज्या कादंबऱ्यांत माज्यासारखी बाय आली, का ती एक तर हिरीत जीव देते, नायतर शेवटच्या पानावर तिला पोर होतं. तिसरं काय तिच्या वाट्याला येतंच नाय. ह्या पुस्तकाला मी दिसलीच नाय गो. पानी किती कोमट करायचं, दात येताना काय द्यायचं, येवढंच सांगत होतं ते. मना कोन रडायला नाय सांगत, असं पयलंच पुस्तक भेटलं, म्हनून सावकाश वाचलं. आता उचल पेटी. आनि पुढल्या वर्साला मी हात घालून नाय काढनार, निवडून नेनार. तुजं ते कोळ्यांचं."